मालकाचा मेहनताना

आपल्या बाजारपेठांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक रीत आहे. दुकानदाराचा संसार गल्ल्यावर चालतो. सकाळी दूधवाल्याचे पैसे त्यातूनच जातात, मुलांच्या शाळेची फी त्यातूनच जाते, आणि रात्री फळ्या लावल्यावर जे उरेल ते मालकाचे. वही नीटनेटकी असली तर ही रक्कम 'घरखर्च' म्हणून मालकाच्या नावे पडते. नसली तर तेवढेही होत नाही.

या रीतीत कायद्याच्या दृष्टीने वावगे काही नाही. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात धंदा आणि मालक या दोन निराळ्या व्यक्ती नसतातच. म्हणून अशा मालकास स्वतःला पगार देता येत नाही. देणारा आणि घेणारा एकच असेल तर देवघेव कसली? तो घरी नेतो ती केवळ 'उचल'. तिच्यावर त्याचा आयकरही अवलंबून नसतो. वर्षाचा नफा वीस लाख झाला आणि घरी नेले आठ लाख, तरी कराचा हिशेब वीस लाखांवरच होतो. भागीदारीतही मूळ तत्त्व हेच. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यान्वये, करारात तसे लिहिलेले नसेल तर धंदा पाहिल्याबद्दल भागीदारास वेगळा मोबदला मागता येत नाही.

पुढे धंदा वाढतो. मोठा गिऱ्हाईक म्हणतो, कंपनी असेल तर मागणी देतो. मुलगा शिकून हाताशी येतो. बुडालो तर घरदार तरी वाचावे, असेही मनात येते. मग मर्यादित जबाबदारीची खाजगी कंपनी नोंदली जाते. पाटीवर नावापुढे दोन शब्द वाढतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेड तीच असते, कामगार तेच असतात, आणि मालकाचा हातही पूर्वीच्याच सवयीने गल्ल्याकडे जातो. आमच्या विषयाचे सारे मर्म या हाताच्या सवयीत आहे. कारण आता तो गल्ला त्याचा राहिलेला नसतो.

हे वाक्य पुष्कळांस पटत नाही. "सगळे भाग माझे, संचालक मी, भांडवल माझे, मग पैसा माझा कसा नव्हे?" असा रोकडा सवाल येतो. या सवालाचे उत्तर इंग्लंडात सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळाले. ॲरन सॉलोमन नावाचा लंडनच्या व्हाइटचॅपेल भागातील बूट तयार करणारा एक व्यापारी. १८९२ साली त्याने आपला धंदा स्वतः स्थापिलेल्या कंपनीस विकला. कायद्याला सात सभासद लागत. ते घरातलेच निघाले, तो, त्याची बायको आणि पाच मुले. वीस हजारांवर भाग त्याचे आणि बाकीच्यांचा प्रत्येकी एक. किमतीपैकी दहा हजार पौंड त्याने कंपनीकडे तारणी कर्जरोख्यांच्या रूपाने ठेवले. लवकरच कंपनी बुडाली. धनको म्हणाले, कंपनी म्हणजे सॉलोमनच. त्यानेच आमचे देणे भागवावे. खालच्या दोन्ही न्यायालयांनी हे म्हणणे मानले. परंतु १८९६ च्या नोव्हेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ते साफ फिरविले. कंपनी रीतसर नोंदली गेली की ती वेगळी व्यक्ती होते. तिचे देणे ते सॉलोमनचे देणे नव्हे, असा निकाल झाला.

हा निकाल मालकांस गोड वाटतो; पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कंपनीचे देणे जर मालकाचे नव्हे, तर कंपनीचे येणे आणि कंपनीची मालमत्ताही मालकाची नव्हे. उत्तर आयर्लंडातील एका जमीनदारास हा धडा फार महाग पडला. त्याने आपल्या रानातले लाकूड स्वतःच्याच कंपनीस विकले, पण आगीचा विमा मात्र आपल्या व्यक्तिगत नावावर ठेवला. लाकूड जळाले. १९२५ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने सांगितले की लाकूड कंपनीचे होते. भागधारकाचा त्यावर विमा उतरविण्याजोगा हक्कच नव्हता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली बाचा गझदर यांच्या खटल्यात हेच तत्त्व सांगितले. बाई चहामळ्यांच्या कंपन्यांच्या भागधारक होत्या. चहाच्या उत्पन्नाचा साठ टक्के भाग शेतीचे उत्पन्न म्हणून केंद्राच्या आयकरातून वगळला जाई. तेव्हा माझा लाभांशही तेवढ्यापुरता शेतीचेच उत्पन्न होय, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. मळा कंपनीचा, शेती कंपनीची. भागधारकाला मिळतो तो केवळ लाभांश.

तेव्हा मालक आणि कंपनी ही दोन माणसे आहेत असे एकदा समजून चालले, की पुढचा प्रश्न सोपा होतो. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे पैसा जायचा तर त्याला काही कारण असले पाहिजे. काम केले म्हणून, भांडवल गुंतविले म्हणून, वस्तू वापरायला दिली म्हणून, किंवा पूर्वीचे येणे होते म्हणून. कंपनीच्या तिजोरीतून मालकाच्या घरी जाणाऱ्या रीतसर वाटा मुख्यत्वे या चारच आहेत. त्या क्रमाने पाहू.

पहिली वाट पगाराची. मालक स्वतःच्या कंपनीचा नोकर होऊ शकतो काय? न्यूझीलंडमधील ली नावाच्या वैमानिकाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. विमानातून शेतांवर खत टाकण्याचा धंदा करणारी कंपनी त्याने १९५४ साली काढली. तीन हजार भागांपैकी २,९९९ भाग त्याचे. संचालक तोच आणि पगारी वैमानिकही तोच. १९५६ साली काम करीत असता विमान कोसळून तो मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाई मागितली, तेव्हा जो मालक तो कामगार कसा, असा आक्षेप निघाला. १९६० साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की कंपनी निराळी आणि ली निराळा. तिने त्याला नोकरीस ठेवले होते, सबब भरपाई मिळालीच पाहिजे. कागद नीट होते म्हणून एका घराला आधार मिळाला. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली एका व्यवस्थापकीय संचालकाचा मोबदला, तो नफ्याच्या टक्केवारीत असूनही, पगारच होय असे ठरविले.

पगार कंपनीच्या हिशेबी खर्चात पडतो. म्हणजे तेवढा तिचा करपात्र नफा कमी होतो आणि कर मालकाच्या हाती, त्याच्या दराने लागतो. तोट्याच्या वर्षीही पगार देता येतो, कारण तो नफ्याचा वाटा नसून कामाचा मोबदला आहे. मात्र त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव हवा, नेमणुकीचे पत्र हवे, रक्कम दरमहा बँकेतून जावयास हवी, आणि कंपनीने त्यातून आयकराची व व्यवसाय कराची कपात करून भरणा करावयास हवा. वर्षअखेरीस नफा पाहून मागच्या बारा महिन्यांचा पगार एकदम लिहून टाकणे हा पगार नव्हे, कागदी खेळ आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील संचालकांच्या मोबदल्याची टक्केवारीची मर्यादा सार्वजनिक कंपन्यांपुरती आहे. खाजगी कंपनीस ती नाही. तरी कामाच्या मानाने रक्कम अवास्तव असेल, तर जास्तीचा भाग खर्च म्हणून नामंजूर करण्याचा अधिकार आयकर अधिकाऱ्यास आहे. वस्तू व सेवा कराबद्दलही पुष्कळ घोटाळा झाला होता. तो २०२० च्या जून महिन्यात सरकारी परिपत्रकाने दूर केला. नोकर या नात्याने संचालकास दिलेल्या पगारावर तो कर नाही.

दुसरी वाट लाभांशाची. पगार घामाचा, तर लाभांश भांडवलाचा. घसारा वजा जाऊन आणि कंपनीचा स्वतःचा कर भरून जो नफा राहतो त्यातूनच तो द्यावयाचा. संचालकांनी शिफारस करावयाची, वार्षिक सभेने मंजुरी द्यावयाची, जाहीर झाल्यापासून पाच दिवसांत रक्कम बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावयाची आणि तीस दिवसांत वाटावयाची, असा दंडक आहे. १९९७ पासून, मधला थोडा काळ सोडल्यास, लाभांशावरील कर कंपनीच भरीत असे. १ एप्रिल २०२० पासून ती पद्धत गेली आणि लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जाऊ लागला. म्हणजे नफ्यावर कंपनी एकदा कर भरते आणि उरलेला घरी आला की मालक पुन्हा भरतो.

याचा परिणाम आकड्यांनी पाहू. समजा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक यंत्रशाळा आहे. मालकाचा मोबदला धरण्यापूर्वी तिचा वर्षाचा नफा तीस लाख आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे नव्या पद्धतीचे दर आणि कंपनीसाठी २०१९ साली आलेला २२ टक्क्यांचा, अधिभार व उपकर धरून २५.१६८ टक्के होणारा दर घेऊ. मालकास दुसरे उत्पन्न नाही असेही धरू. धंदा एकट्याच्या मालकीचा असता तर कर ४,९९,२०० रुपये. कंपनी करून सारे तीस लाख पगार म्हणून घेतले तर पगारदारास मिळणारी पंचाहत्तर हजारांची ठोक वजावट लागू होऊन कर ४,७५,८०० रुपये. पगार मुळीच न घेता सारे लाभांशाने घेतले तर कंपनीचा कर ७,५५,०४०, मग उरलेल्या २२,४४,९६० वर मालकाचा कर सुमारे २,७१,७००. एकूण दहा लाखांच्या वर. नुसत्या वाटेच्या निवडीने कर दुपटीहून अधिक होतो.

चौथा पर्यायही पाहण्यासारखा आहे. मालकाने वर्षाला पावणेतेरा लाख पगार घेतला. त्या वर्षीच्या सवलतीनुसार त्यावर त्याला आयकर नाही. कंपनीत राहिलेल्या सव्वासतरा लाखांवर कंपनीचा कर ४,३४,१४८. आणि सुमारे बारा लाख नव्वद हजार नव्या यंत्रासाठी कंपनीत शिल्लक. येथे एकूण कर सर्वांत कमी दिसतो. पण वाचकांनी एवढ्यावर भुलू नये. ते बारा लाख नव्वद हजार अजून घरी आलेले नाहीत. पुढे ते लाभांशाने काढले की त्यावर मालकास कर आहेच. म्हणून ज्याला पैसा धंद्यातच फिरवावयाचा आहे त्याला हा मार्ग मानवतो. ज्याला घर बांधावयाचे आहे त्याला नाही. दर सरकार दर वर्षी बदलू शकते, तेव्हा हे आकडे पाठ करण्यासाठी नाहीत. हिशेब कसा मांडावा एवढे कळण्यासाठी आहेत.

तिसरी वाट वापराच्या मोबदल्याची. पुष्कळदा शेड मालकाच्या स्वतःच्या नावावर असते आणि कंपनी ती वापरते. मग भाडेपट्टा करून बाजारभावाने भाडे घ्यावे. मालकाने कंपनीत कर्जाऊ रक्कम ठेवली असेल तर तिच्यावर रास्त व्याज घ्यावे. संचालकाने अशी रक्कम देताना ती दुसऱ्याकडून उसनी आणलेली नाही असे लेखी द्यावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

चौथी वाट परतफेडीची. आणि नेमकी हीच बहुतेक मालक विसरतात. जुना धंदा कंपनीकडे सोपविताना यंत्रे, माल, येणी यांची किंमत ठरते. त्या किमतीपैकी काहींचे भाग मिळतात, बाकी रक्कम मालकाच्या नावाने कंपनीच्या वहीत जमा राहते. ती कंपनीने मालकास द्यावयाची रक्कम आहे. ती परत घेताना मुद्दलावर आयकर नाही, कारण ते उत्पन्न नव्हे. स्वतःचेच पैसे परत आले. कंपनीसाठी खिशातून केलेल्या प्रवासखर्चाचेही तेच, मात्र पावती पाहिजे.

या चार वाटा सोडून मालकाचा हात सवयीने गल्ल्यात गेला म्हणजे काय होते? वहीत ती रक्कम 'संचालकाच्या नावे' पडते. म्हणजेच कंपनीने संचालकास कर्ज दिले असे होते. कंपनी कायद्याच्या १८५ व्या कलमाने संचालकास कर्ज देण्यास मनाई केली आहे. काही खाजगी कंपन्यांना अटींवर सूट आहे. पण ती नसता कर्ज दिले तर कंपनीस पाच लाखांपासून पंचवीस लाखांपर्यंत दंड आणि संचालकास कैदेचीही तरतूद आहे. आयकराचा फास तर त्याहून जुना. १९५५ सालापासून आयकर कायद्यात असे आहे की मूठभर लोकांच्या कंपनीने मोठ्या भागधारकास कर्ज दिले तर, कंपनीच्या साठलेल्या नफ्याइतक्या मर्यादेपर्यंत, ते कर्ज लाभांशच समजावे. आज दहा टक्के मताधिकाराचा भागधारक त्यात येतो. २०२५ साली संमत झालेल्या, १ एप्रिल २०२६ या अंमलाच्या तारखेच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले; हे तत्त्व ठेवलेलेच आहे.

समजा, कंपनीत आठ लाख नफा साठलेला आहे. मुलीच्या लग्नासाठी मालकाने मार्गशीर्षात पाच लाख उचलले आणि हिशेबाचे वर्ष संपण्याआधी, माघात, पै न्‌ पै परत केली. त्याच्या मनाला वाटते, फिटंफाट झाली. कायद्याला तसे वाटत नाही. वर्ष संपण्याआधी कर्ज फेडले तरी उचलताक्षणीच तो लाभांश झाला, असा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निकाल दिला आहे. पाच लाख परत गेले, आणि पाच लाखांवरचा कर मात्र मागे राहिला. कंपनीसही त्याची वजावट नाही. यात लबाडी कोणीच केलेली नव्हती. फक्त जुनी सवय सुटली नव्हती.

आता घरातल्या माणसांविषयी. कित्येक कारखान्यांतून जमाखर्च मालकाची पत्नी पाहते, कामगारांचे पगार तीच करते, तगाद्याचे फोनही तीच करते, आणि इतक्या वर्षांत तिला एक पैसा पगार मिळालेला नसतो. कंपनी झाल्यावर तिला पगार द्यावा, तिचे नाव हजेरीपटावर यावे, असे कोणालाही वाटेल. येथे कायदा एक अडसर घालतो. ज्या कंपनीत पतीचे वीस टक्के किंवा त्याहून अधिक मताधिकाराचे भाग आहेत तिच्याकडून पत्नीला मिळालेला पगार पतीच्या उत्पन्नात मिळविला जातो. पत्नीचा कारखाना असेल तर हाच नियम पतीस. अपवाद एकच: तिच्यापाशी तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता असावी आणि ती रक्कम तिच्या त्या ज्ञानाची व अनुभवाचीच असावी. पात्रता म्हणजे पदवीचा कागदच हवा असे नाही, असे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने म्हटले आहे. पण ते सिद्ध करण्याचा भार आपल्यावर असतो. म्हणून तिच्या कामाचे स्वरूप लेखी असावे, तिच्या सहीचे कागद असावेत, पगार तिच्या स्वतःच्या खात्यात जावा. आणि समजा कराच्या दृष्टीने फायदा मुळीच झाला नाही, तरी हा पगार द्यावा असे आमचे मत आहे. स्वतःच्या नावावरची शिल्लक आणि केलेल्या कामाची नोंद यांची किंमत करबचतीहून मोठी आहे. वैमानिक लीच्या विधवेला जे मिळाले ते कागदामुळेच मिळाले.

भावाभावांच्या कंपनीत तर पगार आणि लाभांश यांतला भेद हा सलोख्याचाच प्रश्न होतो. समजा, थोरला सकाळी आठ ते रात्री आठ भट्टीपाशी उभा असतो; धाकटा पुण्यास नोकरी करतो, पण वडिलांच्या मागे दोघांचे भाग निम्मेनिम्मे आहेत. सारे पैसे लाभांशाने वाटले तर दोघांस सारखेच मिळतात, आणि थोरला मनात म्हणतो, मी फुकट राबतो. थोरल्याने सारेच पगाराने काढले तर धाकटा म्हणतो, बापाच्या इस्टेटीवर मला काहीच नाही. यावर तोड एकच आहे. याच कामासाठी बाहेरचा माणूस नेमला असता तर काय द्यावे लागले असते, ते ठरवून तेवढा थोरल्याचा पगार. त्यानंतर उरेल त्यातून यंत्रांची तजवीज बाजूला काढून बाकीचा लाभांश, दोघांस सारखा. कंपनी कायदा हा भेद करावयास लावतो, हे खरे तर त्याचे उपकार आहेत. पूर्वीच्या एकत्र गल्ल्यात तो कधी झालाच नाही, आणि म्हणून कित्येक चांगल्या पेढ्यांच्या मधोमध भिंती पडल्या.

मग रक्कम ठरवावी तरी कशी? प्रथम घराचा वर्षाचा खर्च कागदावर मांडावा. विम्याचे हप्ते, मुलांचे शिक्षण, आजारपण यांसह. दुसरे, त्या कामाचा बाजारभाव पाहावा. तिसरे, कंपनीचा अत्यंत वाईट महिना डोळ्यांपुढे आणून, त्या महिन्यातही कामगारांचे पगार, बँकेचा हप्ता आणि कर भागवून किती देता येईल ते पाहावे. या तिहींत जी रक्कम लहान निघेल तेवढा पगार वर्षारंभी ठरावाने बांधून घ्यावा. घराला त्याहून अधिक लागत असेल, तर ती उणीव धंद्याच्या तब्येतीची खूण समजावी. गल्ल्यातून ती बुजवू नये. वर्ष चांगले गेले तर लाभांश आहे, आणि मालकाची जमा बाकी असेल तर तिची परतफेड आहे. लग्नकार्यासारखा मोठा खर्च दिसत असेल, तर त्याची वाट दोन वर्षे आधी आखावी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. मर्यादित जबाबदारीची ढाल पुष्कळांना वाटते तितकी भक्कम नसते. बँक कर्ज देताना संचालकाची व्यक्तिगत हमी घेते, आणि ती हमी वसूल करताना पाटीवरचे दोन शब्द आड येत नाहीत. तरीही जी ढाल उरते ती टिकवावयाची असेल, तर कंपनी ही निराळी व्यक्ती आहे हे आपणच प्रथम मानले पाहिजे. जो मालक तिच्या पैशाला रोज आपला म्हणतो, त्याने संकटकाळी तिचे देणे माझे नव्हे म्हणावे, हे न्यायालयास पटवून देणे कठीण जाते.

कंपनी नोंदण्याचे काम आज थोड्या दिवसांत होते. दोन सभासद पुरतात. २०१३ च्या कायद्याने तर एकट्या माणसालाही कंपनी काढता येते, आणि किमान एक लाख भांडवलाची अट २०१५ साली गेली. जे थोड्या दिवसांत होत नाही ते म्हणजे सवय बदलणे. ज्यांनी यंदा कंपनी केली असेल त्यांनी निदान एवढे करावे: बँकेत घराचे खाते निराळे काढावे, महिन्याची एक तारीख ठरवावी, आणि त्या तारखेला आपला पगार, आपल्या कामगारांच्या पगाराबरोबर आणि त्यांच्याच यादीत, शेवटच्या ओळीवर लिहावा.